व्हरेनाबाईंचं न पाहिलेलं गाव

२०१६च्या ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडला तारानाकी भागात जायचं ठरलं, ते खरं तर घरातलं भांडण निवावं म्हणून. आठ वर्षांच्या सईला इथल्या किवी शाळेत आडिवरेकर हे आडनाव नको होतं. "बाबा, नोबडी कॅन से इट. आडी इज फाइन." मी हट्टाला पेटलेलो. शेवटी बायकोनं, मेधानं, आम्हा दोघांना गाडीत कोंबलं.

आम्ही राहतो त्या रोटोटुनाहून निघालात तर 'ते कुइटी' या गावात पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. आवाकिनोच्या घळीतली वळणं पोट ढवळतात, म्हणून खाणं मोकाऊला. तिथे इवल्या माशांचं फ्रिटर ब्रेडमध्ये घालून देतात. महाग असतं, पण मी दोन खाल्ली.

न्यू प्लिमथच्या पुढे बर्फाचा डोंगर ढगातून घटकाभर दिसला आणि सईनंसुद्धा काच खाली केली. मुक्काम गाईंच्या फार्मवर होता. मालकीण व्हरेना सत्तरीच्या, गुडघ्यापर्यंत गमबूट, चाल माझ्यापेक्षा जलद. त्यांचे आजोबा स्वित्झर्लंडहून इथे गाई दोहायला आले होते. या भागात अशी बरीच स्विस घरं आहेत. जेवायला त्यांनी किसलेल्या बटाट्याचं खरपूस, थालीपिठाएवढं जाड काहीतरी केलं होतं, वर घरचं चीज. जाल तेव्हा भुकेलेले जा.

जेवताना त्यांनी आमच्या आडनावाचा अर्थ विचारला. 'कर' म्हणजे त्या गावचा, असं मी जरा ऐटीतच सांगितलं. त्या उठून आपला लाल स्विस पासपोर्ट घेऊन आल्या.

"आमच्या पासपोर्टात जन्मगाव नसतं, मूळ गाव असतं. मी जन्मले इथे, पलीकडच्या खोलीत. पण गाव हे."

मग त्या गावाबद्दल बोलत राहिल्या. दुष्काळी वर्षांत पंचायतीनंच गरिबांना बोटीचं भाडं देऊन परदेशी धाडलं. पुढे मुलं कमी झाली तशी शाळा शेजारच्या गावात गेली. आज त्या गावचे म्हणून नोंदलेले लोक गावात कमी आणि बाहेरच जास्त. गावाचं पत्रक येतं, त्यामुळे यंदा किती माणसं राहतात, किती जन्मली, कोण गेलं, हेही त्यांना तोंडपाठ होतं.

"हॅव यू बीन देअर?" सईनं विचारलं.

"नाही ना. गाई कुणी दोहायच्या?" त्या हसल्या. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं गाव कसं आहे?"

मेधानं ताटात बघितलं. आडिवरे राजापूरजवळ आहे, एवढंच मला ठाऊक. आजोबांनी गाव सोडलं, मी वाढलो डोंबिवलीत. देवीचं देऊळ आहे म्हणे, असं मी पुटपुटलो.

"यू'व्ह नेव्हर बीन, बाबा?"

नाही, म्हणालो.

परतीच्या वाटेवर भांडण झालं नाही. मंगळवारी सकाळी सई टॉग्जच्या, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांच्या, नव्या पिशवीवर मार्करनं नाव घालत होती. पूर्ण लिही, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी तिचा डबा भरत राहिलो. तिनं 'सई आडि' एवढं लिहून टोपण लावलं.

"द रेस्ट आफ्टर वी गो," ती म्हणाली. पुढची जागा तिनं कोरी ठेवली आहे.