अडीच ताऱ्यांचा गेम

न संपवलेल्या खेळावर निकाल द्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

होडीच्या ज्या व्हिडिओ गेमला मी परीक्षणात अडीच तारे दिले, तोच काल ताई खेळत होती. होडी खडकात अडकते, माणसांचे चेहरे लाकडी आहेत, हे मी ठणकावून लिहिलं होतं. ताईने होडी किनाऱ्याला लावली आणि ती नुसती बघत बसली. हळूहळू वारा पडला. पाण्यात गावाचे दिवे उतरले.

"हे लिहिलंस का रे, शहाण्या?"

"मी तिथे थांबलोच नव्हतो."

"मग तारे कशाचे दिलेस, घाईचे?"

माझे कान तापले. दोष खरेच होते. पण बेताच्या खेळातलं चांगलं वाट बघायला लावतं, आणि न्यायाच्या गप्पा मारणारा मी साक्ष न ऐकताच उठलो होतो.

तुम्हीही परीक्षणं लिहीत असाल, तर किती खेळलात ते पहिल्याच ओळीत सांगा.