रेवाच्या डब्यातला ब्रेड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं का? — नाही, तिलाही नसतं सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

आधी ब्रेडचं सांगतो. ते सोपं आहे.

माझी नात रेवा साडेतीन वर्षांची असताना तिला गहू चालत नाही असं कळलं. पोट टम्म, हातपाय काड्या, वजन म्हणून वाढेना. पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग आतड्याचीही तपासणी झाली. सीलिअ‍ॅक, म्हणाले. गव्हातल्या ग्लुटेननं हिचं आतडं आतून सोलवटतं. औषध नाही. गहू, मैदा, रवा बंद — कायमचा, आणि कणभरसुद्धा नाही.

आम्ही मूळचे बेटेगावचे, तांदळाच्या भाकरीवर वाढलेले. मला वाटलं, यात काय एवढं? पण रेवा बोईसरच्या शाळेत छोट्या शिशूत जायला लागली आणि डब्याचं दुखणं सुरू झालं. सगळ्यांच्या डब्यात त्रिकोणी सँडविच, हिच्या डब्यात भाकरीचे तुकडे. डबा न उघडताच घरी यायचा.

मग माझी सून दीपाली ब्रेडच्या मागे लागली. मुंबईहून एक बिनगव्हाचा ब्रेड मागवला. रेवानं एक घास घेतला आणि जीभ बाहेर काढली. "वाळू हाय." दुसऱ्या ब्रेडला चटणी लावली की तो मोडायचा. तिसऱ्याला औषधाचा वास. शेवटी दीपालीनं घरीच करायला घेतला — तांदळाचं पीठ, साबुदाण्याचं पीठ, यीस्ट, आणि धरून राहावं म्हणून इसबगोल. पहिल्या ब्रेडची वीट झाली. नंतरचे वरून छान फुगायचे आणि आतून खळीसारखे चिकट निघायचे. मी आणि माझा मुलगा नितीन ते चहात बुडवून खायचो, झकास झालाय म्हणायचो. दीपाली हसायची. "बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

येतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला मंगलताईंची पिठाची गिरणी आहे. दीपालीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. ती बाई दर सोमवारी सकाळी, गव्हाचा दाणा पडायच्या आधी, गिरणी झाडून पुसून घ्यायची. आपल्या घरचा तांदूळ आधी दळून ते पीठ बाजूला काढायची आणि मग आमचा दळायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला एवढं. रेवासाठी करायची.

आणि मी काय करायचो? — संध्याकाळी रेवाला फिरायला न्यायचो.

वाटेत एक बेकरी होती. पाचच्या सुमाराला पावाच्या लाद्या बाहेर यायच्या. रेवा काचेपाशी थांबायची. मागायची नाही — हे लक्षात घ्या, तिनं कधी एकदाही मागितलं नाही. नुसती उभी राहायची, नाक काचेला टेकवून. एक दिवस मी पाव घेतला. अर्धा तिच्या हातावर ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं — खरंच ना? — आणि डोळे मिटून खाल्ला. "आजोबा, हा मऊ हाय."

अडाणीपणानं केलं असं म्हणायची सोय मला नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली. कामच ते — मालात दुसरं काही मिसळलंय का ते शोधायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशासाठी मी अख्ख्या बॅचेस परत पाठवल्या आहेत. कणभर म्हणजे काय हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

मग का दिला? खूप दिवस मी मनाशी म्हणायचो, पोरीची दया आली. तेही होतंच. पण त्याच्याखाली आणखी एक होतं. दीपाली दिवसभर तिला नको म्हणायची — बिचारीला म्हणावंच लागायचं. मी घे म्हणणारा झालो. पाव दिसला की रेवाचा चेहरा जसा उजळायचा, तो मला माझ्यासाठी हवा होता. तिच्या सगळ्यांत लाडक्या माणसाची जागा मला हवी होती.

एकदाच नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, पाच महिने. लगेच उलटी नाही, जुलाब नाहीत, म्हणून माझी भीडही चेपली. तोंड कसं पुसायचं, फ्रॉकवरचे कण कसे झटकायचे, हे मी तिला शिकवलं. "हे आपल्या दोघांचं. कुणाला सांगायचं नाय." ती मान डोलवायची.

घरचा ब्रेड ती का खात नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दीपाली तांदूळ बदलायची, इसबगोल कमीजास्त करायची. रेवा एक घास चावायची आणि बशी सरकवायची. तिच्या जिभेवर बेकरीचा पाव होता.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जिथल्या तिथं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाते का?" दीपाली नाही म्हणाली. मग त्यांनी वाकून रेवालाच विचारलं. "काय गं, कुणी देतं का काही?"

रेवानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो.

"नाय," ती म्हणाली.

चार वर्षांची होती. माझ्यासाठी खोटं बोलली, तेही न अडखळता. शिकवणारा मीच होतो ना.

घरी आल्यावर दीपालीनं स्वयंपाकघर रिकामं करायला घेतलं. पोळपाट-लाटणं गेलं, मिक्सरचं भांडं गेलं, ब्रेडचा नवा टिन गेला. मग ती त्या पसाऱ्यात फरशीवरच बसली. रडून झालं होतं. "बाबा, तुमची सगळी नोकरी हेच शोधण्यात गेली ना? बघा ना जरा. मिसळ कुठून होतेय? माझं कुठं चुकतंय?"

माझं कुठं चुकतंय — असं विचारलं तिनं. मला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी चष्मा लावला. डबे उघडून बघितले. पांढरा कागद घेऊन फडताळाची फळी पुसली, तो उजेडात धरला. अर्धा तास मी ते नाटक केलं आणि मग म्हणालो, "गिरणी असणार. कितीही झाडली तरी दगडात गहू राहतोच."

दुसऱ्या दिवशी दीपाली मंगलताईंना सांगून आली. भांडली नाही, नुसतं सांगितलं. मंगलताई म्हणे पोत्यावर बसल्या त्या बसल्याच. "माज्या हातून पोरीच्या पोटात गेला का गं?" एवढंच विचारत होत्या.

पाव मी बंद केला. फिरायचा रस्ता बदलला. का, ते रेवानं विचारलं नाही.

दीपालीनं घरी दळायचं छोटं यंत्र घेतलं. मी तिच्या हाताखाली बसू लागलो — तांदूळ निवडायचे, पीठ चाळायचं, मिश्रण फेटायचं. एका रविवारी ब्रेड असा काही उतरला की सुरी लावली तरी मोडेना. हिरवी चटणी, काकडी, लोणी. रेवानं पहिला त्रिकोण संपवला आणि दुसऱ्याला हात घातला. सोमवारी डबा रिकामा आला. दीपालीनं तो उघडून माझ्यापुढे धरला आणि लहान मुलीसारखी हसली.

पुढच्या तपासणीला आकडा उतरला, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. आज रेवा दुसरीत आहे. तिचे गाल भरलेत, उंच झाली आहे. कुणाच्या मुलाला हा आजार निघाला की ती आई दीपालीला फोन करते. ब्रेडची कृती सांगून झाली की दीपाली न चुकता म्हणते, "आणि गिरणीचं पीठ नको हं. आमच्या बाबांनी शोधून काढलं ते." मी शेजारीच बसलेला असतो. ऐकतो.

गेल्या महिन्यात मी आणि रेवा गिरणीवरून जात होतो. मंगलताईंनी हाक मारली. रेवाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग पिठाचा हात म्हणून चटकन मागे घेतला, पदराला पुसला. "काका, चार वर्सं झाली, पन माजा जीव खातो. मी साफ करून दळत व्हते हो. तरी माज्याकडनंच झाला. माफ करा."

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या मंगलताई. मुद्दाम थोडंच केलंत? आम्ही कधीच मनातून काढून टाकलं."

मी तिला माफ केलं. ऐकताय ना? — मी, तिला.

तिनं हात जोडले. आम्ही पुढे निघालो. रेवानं माझा हात धरला होता. तिनं वर बघितलं नाही.

दीपालीला हे ठाऊक नाही. नितीनला नाही, मंगलताईंना नाही. रेवाला आहे.