सगळ्या योद्ध्यांना शंभरपैकी शंभर

नाशिकला भद्रकालीच्या एका बोळात लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. दुकानात शिरलं की समोर गणपती, त्याच्याखाली कॅलेंडर आणि कॅलेंडरच्याही खाली, गिऱ्हाइकाच्या बरोबर डोळ्यांसमोर, एक पाटी: ‘मार्क वाढवून मिळणार नाहीत.’ पत्रिका टाकायला आलेला मुलीचा बाप पाटी वाचतो, आपण चुकून शाळेत शिरलो की काय म्हणून बाहेरचा बोर्ड पुन्हा बघून येतो. पाटी लावणारा हिरामण गल्ल्यावर शांत बसलेला असतो. या वाक्यापायी आपलं लग्न जवळजवळ मोडलं होतं, असं तो सांगतो. त्याची बायको म्हणते, मोडलं नव्हतं, जमलं होतं. दोघांचंही खरं आहे.

हिरामण मूळचा सिन्नरजवळच्या खेड्यातला. बारावीला सायन्स घेतलं, कारण मास्तर म्हणाले घे. सायन्सने त्याला घेतलं नाही. मग नाशिकला गोटीरामकाकांच्या प्रेसमध्ये लागला, कारण काका म्हणाले ये. हिरामणच्या आयुष्यातले सगळे निर्णय असे दुसऱ्याच्या तोंडून निघालेले होते. त्याला ‘नाही’ म्हणता यायचं नाही. शब्द माहीत होता, पण ओठापर्यंत येताना वाटेतच त्याचा ‘बघतो ना’ व्हायचा. एकदा एका पत्रिकेवर ‘आपले नम्र’खाली गिऱ्हाइकाने इतके भाऊबंद लिहून आणले की काका म्हणाले, ही पत्रिका नाही, मतदारयादी आहे. हिरामणने सगळी नावं बसवली. वधूवरांची नावं तेवढी बारीक झाली.

चातुर्मास लागला की लग्नं बंद आणि प्रेसमध्ये माशा. सत्त्याण्णवच्या चातुर्मासात असाच रिकामा बसलेला असताना त्याला पायरीवर कॉलेजची पोरं पत्ते कुटताना दिसली. पत्त्यांवर विदेशी पैलवान, चड्डीवर उभे. उंची, वजन, छाती असे आकडे खाली छापलेले. आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याने दुसऱ्याचं पान खायचं. हिरामण बराच वेळ बघत राहिला आणि काकांना म्हणाला, “काका, या उघड्या माणसांवर पोरं इतकी जीव टाकतात. आपल्याकडे कपडे घातलेले कमी आहेत का?”

काका झोपेत होते. ते ‘हं’ म्हणाले आणि खेळाला मंजुरी मिळाली.

हिरामणने चाळीस योद्धे निवडले. तानाजी, बाजीप्रभू, मुरारबाजी, राणा प्रताप, झाशीची राणी, टिपू, पोरस. परमुलखातले सिकंदर, नेपोलियन, चेंगीझखान. महाराजांचं पान करायचं का, यावर काकांचं मत स्पष्ट होतं. “महाराजांना मार्क देणारा अजून जन्माला यायचाय. महाराज पानांत नाहीत. ते वरून बघतात.” प्रत्येकाला चार गुण: शौर्य, बळ, युक्ती आणि घोडा. घोड्याचे मार्क त्याने कसे दिले हे विचारू नये. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या चित्रात घोडा दिसला तर जास्त, नुसतं डोकं दिसलं तर मध्यम, किल्ल्यावर लढलेल्याला कमी. एकाच पानाला त्याने शंभरपैकी शंभर दिले, तेही फक्त घोड्यात. ते चेंगीझखानाचं.

पुठ्ठा मात्र विकत आणलेला नव्हता. उरल्यासुरल्या लग्नपत्रिकाच कापून तो त्यांच्या कोऱ्या बाजूवर छापायचा. त्यामुळे पुढून योद्धा आणि पाठीमागून लग्न. सिकंदराच्या पाठीवर ‘वरात सायंकाळी ठीक सहा वाजता’. नेपोलियनच्या पाठीवर ‘कृपया आहेर आणू नये’. आणि निम्मी पृथ्वी तुडवलेल्या चेंगीझखानाच्या पाठीवर, दोन चिमण्यांच्या चित्राखाली, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’

अक्षरजुळणी समोरच्या डीटीपी सेंटरमध्ये मोहिनी करायची. मखमलाबादच्या झेंडूवाल्या रावजीअण्णांची मुलगी. कॉम्प्युटरवर बोटं चालवता चालवता ती गिऱ्हाइकाच्या चुका काढायची आणि चुका काढता काढता गिऱ्हाइकाला हसवायची. हिरामण तिच्याकडे कधी कधी एका पानाची प्रूफं तीनदा तपासायला जायचा. चूक नसायची.

खेळ पायरीवर सुरू झाला आणि बोळ वेडा झाला. दुपारी दुकानदार गल्ले सोडून यायचे. “बळ,” कोणी पुकारायचा. “नव्वद.” “ब्याण्णव, आण इकडे तुझा सिकंदर.” “अरे, वरात गेली रे माझी.” पाठी ओळखू यायच्या, त्यामुळे समोरच्याच्या हातात कोण आहे हे सगळ्यांना कळायचं आणि तरी सगळे हरायचे.

मग गाऱ्हाणी सुरू झाली.

पहिला आला भिका पैलवान, तालमीतला. त्याने बाजीप्रभूंचं पान हिरामणपुढे टेकवलं. “बळ पंच्याण्णव. उरलेले पाच कुठं गेले?”

“पैलवान, सगळ्यांचे थोडे थोडे कापलेत.”

“खिंड लढवली त्या माणसाने. तू जिना चढून आलास तरी दम लागतो.”

हिरामण म्हणाला, “बघतो ना.” बाजीप्रभू शंभर झाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सुमनबाई झाशीच्या राणीसाठी आल्या. पाठीला मूल बांधून लढली, त्याचे वेगळे मार्क कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. राणी शंभर झाली. मालेगावचे एक सूत व्यापारी मुलीची पत्रिका छापायला आले होते, ते पानं चाळता चाळता थांबले. “हिरामणभाई, टिपू को युक्ती में सिर्फ अठ्ठ्याण्णव? दो मार्क के लिए क्या दुश्मनी?” टिपूही शंभर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नेपोलियनचे वाढवून घेतले, बिचाऱ्याचं इथे कोणी नाही म्हणून. पोरसाची बाजू घेऊन कोण आलं ते आता हिरामणलाही आठवत नाही, पण आलं होतं. चेंगीझखानासाठी मात्र कोणीच आलं नाही. तेव्हा त्याचे हिरामणने आपणहून वाढवले. सगळ्यांत एकट्याला वाईट वाटलं असतं.

एक गुण वाढला की उरलेल्यांचीही मागणी यायची, आणि दर वेळी मोहिनीला नवी जुळणी करावी लागायची. ती म्हणायची, “तुमच्या या लढाईत मरतंय कोण माहितीये? मी.”

गणपतीत मंडळाने स्पर्धा ठेवली. नवीकोरी गड्डी, मांडवात सतरंजी, पंच म्हणून भिका पैलवान. पहिला डाव. “शौर्य.” “शंभर.” “शंभर.” नियम असा की बरोबरी झाली की दोन्ही पानं मध्ये ठेवायची, पुढच्या डावाच्या विजेत्याला सगळी. “बळ.” “शंभर.” “शंभर.” पानं मध्ये. “युक्ती.” पानं मध्ये. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग कुजबुजायला लागले. शेवटी चाळीसच्या चाळीस योद्धे मधोमध ढिगात पडले आणि दोन्ही खेळाडू रिकामे हात मांडीवर ठेवून पंचाकडे बघत बसले.

भिका पैलवानाने ढिगाकडे बघितलं, हिरामणकडे बघितलं. “पुढं काय?”

“पुढं आरती,” मागून कोणीतरी म्हणालं.

त्या दिवसापासून खेळ मेला. पोरं पुन्हा चड्डीवाल्यांकडे गेली. हिरामण प्रूफ नसतानाच मोहिनीकडे गेला आणि स्टुलावर बसला.

“मी कुणाचं वाईट केलं?” तो म्हणाला.

“कुणाचंच नाही. तीच तर भानगड आहे.” तिने खुर्ची वळवली. “सगळ्यांना शंभर देणाऱ्याच्या शंभराला काय अर्थ? समजा, मी तुमची बायको झाले. मला किती द्याल?”

हिरामणच्या कानापर्यंत रक्त चढलं. “शंभर.”

“बघा.”

तिने खुर्ची परत फिरवली. मग कॉम्प्युटरकडे बघत, जणू काही तारीख टाइप करायची आहे अशा आवाजात म्हणाली, “घरी या. आईला, काकांना घेऊन या. पण एक अट आहे. अण्णा काहीतरी मागतील. ते मागतातच. त्याला तुम्ही एकदा नाही म्हणायचं. नुसतं एकदा. नाही म्हटलं नाही, तर पोहे खा आणि जा. नकार मीच कळवीन. मला नवरा पाहिजे, होयबा नको.”

“आणि नाही म्हटल्यावर अण्णांनी हाकललं तर?”

“ती शक्यता आहे,” मोहिनी म्हणाली. मागच्या स्थळाने अण्णांच्या झेंडूला लासलगावकडच्या झेंडूसारखा रंग नाही म्हटलं होतं. अण्णांनी त्याला चहाच्या आधीच फाटकापर्यंत सोडलं होतं.

मखमलाबादला ओसरीवर सतरंजी, भोवती झेंडूचे वाफे, आणि मधोमध रावजीअण्णा, पांढरी टोपी, मिशा दोन्हीकडे वळवलेल्या. हिरामणची आई भागीबाई नवं लुगडं सावरत बसलेली. काका नेहमीप्रमाणे झोपेच्या काठावर. दोन्ही घरं एकमेकांच्या पाहुण्यांतली निघाली, तेव्हा निम्मं काम झालं होतं. मोहिनी पोहे ठेवून दाराआड गेली. जाताना तिने हिरामणकडे असं बघितलं की हिरामणला आपली बारावी आठवली.

हिरामणने मनाशी ठरवलं, आधी पोह्यांवर सराव करू. मोहिनीची मावशी नवसाबाई पातेलं घेऊन आली. “अजून घ्या.” हिरामणने तोंड उघडलं. “थोडेच,” तो म्हणाला. दुसरी प्लेट. “लाजू नका.” तिसरी. चौथीच्या वेळी तो नुसता पातेल्याकडे बघत होता, नवसाबाईने ते होय समजलं. दाराआडून कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“तुमचा खेळ ऐकलाय मी,” अण्णा म्हणाले. खिशातून त्यांनी एक पान काढलं. मुरारबाजी. “हा माझा माणूस. पोरीनं आणून दिला. शंभर मार्क, बरं वाटलं. पण मग कळलं, सगळ्यांनाच शंभर. नेपोलियनला बी. मग मुरारबाजीचं काय राहिलं? त्याला एकशे एक करा.”

भागीबाईने लगेच मान डोलवली. काका जागे झाले. हिरामणच्या हातात चौथी प्लेट, तोंडात शेंगदाणा. त्याला दाराच्या फटीत मोहिनीची एक बांगडी दिसत होती, ती हलत नव्हती. ‘बघतो ना’ घशाशी आलं. त्याने ते शेंगदाण्यासकट गिळलं.

“नाही,” हिरामण म्हणाला.

“काय?”

“नाही, अण्णा. एकशे एक नाही. शंभर बी नाही. मुरारबाजींना शौर्याचे अठ्ठ्याण्णव होते, तेच बरोबर होते. आणि घोड्याचे चाळीस. पुरंदरच्या कड्यावर लढणाऱ्याला घोड्याचे शंभर दिले तर घोडा बी हसंल.”

एकदा बांध फुटल्यावर त्याचं त्यालाच आवरेना. पोह्यात मीठ कमी आहे, हेही तो बोलून बसला. भागीबाईने पदर तोंडात कोंबला. अण्णांची डावी मिशी वर गेली, उजवी जागेवर राहिली. ही खूण फाटकाची होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि मोहिनी बाहेर आली. तिच्या हातात मळकी गड्डी होती. पहिल्या छपाईची, खऱ्या मार्कांची. सगळ्या गड्ड्या रद्दीत गेल्या होत्या, ही तिने टेबलाच्या खणात ठेवून दिली होती. “अण्णा,” ती म्हणाली, “तुमचा माणूस इतका भारी आहे तर खेळून हरवा की.”

अण्णा खेळायला बसले म्हणजे शेताला पाणी सोडल्यासारखे बसले, थांबायचं नाव नाही. तानाजी गेला, राणा प्रताप आला, सिकंदराची वरात दोनदा इकडून तिकडे झाली. काका पूर्ण जागे झाले. पोहे बाजूला ठेवून नवसाबाई अण्णांच्या मागे उभं राहून आकडे पुटपुटायला लागली. मग अण्णांच्या हाती मुरारबाजी आला आणि पाळीही त्यांचीच होती. शौर्य पुकारलं असतं तर डाव खिशात होता. पण अण्णांनी मिशीवरून हात फिरवला, जावयाच्या जागेवर बसू पाहणाऱ्या माणसाकडे रोखून बघितलं, आणि त्याला कायमचा धडा शिकवायचा म्हणून पुकारलं, “घोडा.”

हिरामणने आपलं पान बघितलं आणि ते छातीशी घट्ट धरलं.

“काय झालं?” अण्णा म्हणाले. “दुसरं पुकारू?”

“नाही,” हिरामण म्हणाला. दुसऱ्यांदा जरा सोपं गेलं. त्याने पान टाकलं. चेंगीझखान. घोडा शंभर.

वाफ्यात कोंबडी बोलली, तिला नवसाबाईने हाकललं. अण्णांनी आपल्या मुरारबाजीला मारणाऱ्याला नीट बघावं म्हणून खानाचं पान उचललं, फिरवलं, लांब धरलं आणि पाठीवरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. “आमच्या… आत्याच्या… लग्नाला… यायचं हं.”

त्यांनी पुन्हा उलटलं. पुढून खान, तलवार, मिशा. पुन्हा पाठ. दोन चिमण्या.

“हा बोलावतोय व्हय?” अण्णा म्हणाले. “लग्नाला?”

“आत्याच्या,” काकांनी गंभीरपणे माहिती दिली.

अण्णांची उजवी मिशीही वर गेली. आधी पोट हललं, मग खांदे, मग टोपी पडली. इतके हसले की नवसाबाई पाणी घेऊन धावली. डोळे पुसत म्हणाले, “सगळं जग लुटून आला आन् आत्याच्या लग्नाची पत्रिका वाटतोय. मग जावंच लागंल.” मग भागीबाईंकडे वळले. “ताई, तुमचा पोरगा माझ्या घरात बसून मला चाळीस मार्क देतो. मीठ कमी म्हणतो, ते बी खरं हाय, मी रोज खातो. पोरगी खुश असंल तर आमचं काय नाय म्हणणं नाय. तारीख काढा, तुळशीचं लग्न लागलं की लगेच.”

नवसाबाईने मीठ टाकलेलं पातेलं परत आणलं. “आता तरी घ्या, जावईबापू.”

हिरामणने दाराकडे बघितलं. तिसरा ‘नाही’ अगदी ओठांवर तयार होता, कडक, नव्या नोटेसारखा. तेवढ्यात मोहिनी हळूच म्हणाली, “बास. घ्या मुकाट्याने. रोजची सवय लागली तर मलाच जड जाईल.”

हिरामणने पाचवी प्लेट पुढे केली.