कुसाबाईचा वानवळा

जळते मी. हो, जळते! त्यात लपवायचं काय? आमचे हे म्हणतात, "श्यामला, या वयात शोभतं का तुला?" न शोभायला काय झालं? माणूस आपलं असलं की पोटात दुखतंच. परक्यासाठी कोण जीव जाळतं?

आता हे आपलं माणूस म्हणजे कुसाबाई. ओझरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की तिचं रान लागतं. पासष्टीची बाई, उंचीनं बेताची, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या मळ्यातला गडी "ओ" देईल. मूळची नामपूरची. माहेरी कांदा, सासरी भाजीपाला. नवरा विमानाच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि रान सगळं हिच्या अंगावर. तो गेला, मग पोरगा अमोल शिकून परत आला आणि म्हणाला, "आई, उद्यापासून रासायनिक खत बंद, फवारणी बंद." आजूबाजूचे फिदीफिदी हसले. कुसाबाई म्हणाली, "हसू दे. दात त्यांचेच दिसत्यात."

अमोलची योजना साधी आहे. हंगामाआधी घरटी पैसे भरायचे आणि मग दर बुधवारी रानात जे तयार असेल त्याचा वाटा क्रेटमधून घ्यायचा. टोमॅटोच पाहिजे म्हणून हट्ट करायचा नाही, दोडका आला तर दोडका खायचा. गारा पडल्या तर सगळ्यांनी मिळून हळहळायचं. अमोल त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगतो. कुसाबाई आम्हा सगळ्यांना "वाटेकरी" म्हणते.

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत हे आणलं कुणी? मी! जेल रोडच्या बाजारात कुसाबाईकडून घेतलेल्या वांग्यात अळी निघाली, म्हणून मी तावातावानं भांडायला गेले. तर ही बाई काय म्हणाली असेल? "अळीला कळलं काय खावं ते, तुला नाय कळलं व्हय?" ओळख ना पाळख, एकदम अरे-तुरे! मी जी हसत सुटले, ती तिच्याच पोत्यावर बसून चहा पिऊन घरी आले. मग मीच घरोघर फिरून वाटेकरी गोळा केले. क्रेट अजूनही माझ्याच व्हरांड्यात उतरतात. नोटांच्या प्रेसमधल्या जुन्या लोकांपासून नव्या भाडेकरूंपर्यंत सगळे माझ्याच दारात पिशव्या घेऊन उभे राहतात.

आणि रविवारी मी रानात जाते. गेले की पदर खोचून थेट वाफ्यात. काय तोडलं, किती तोडलं, कुणी विचारत नाही. उलट कुसाबाई लांबूनच तोंड सोडते, "आली का बया! ते दूध बघ आधी, उतू जाईल! आन् गवार कोवळी तोड, मागल्या खेपेला दोरखंड नेलंस!" माझी आई गेल्यापासून मला असं हक्कानं ओरडणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून सांगते, ते ओरडणं मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

तेवढ्यात उगवली आभा.

आभा आमच्याच गल्लीत राहायला आली. पुण्याची. घरात बसून कंप्युटरवर नोकरी करते आणि दुधी भोपळ्याचे फोटो काढते. बाळाचेसुद्धा कुणी इतके काढत नाही. ती वाटेकरी झाली तेव्हा मीच हौसेनं तिला रानात नेलं. कसली अवदसा आठवली मला! कुसाबाईनं तिच्यासाठी बाज झटकली, वर धुतलेली चादर अंथरली. "बसा ताई, उन्हातनं आल्या. पाणी घ्या." इकडे मी घामाघूम, तर मला काय? "श्यामले, उभी काय राह्यलीस? चूल फुंक."

मी चूल फुंकली. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं होतं असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या बुधवारी अमोलनं टेम्पोतून क्रेट उतरवले आणि वर एक वेगळी पिशवी ठेवली. "मावशी, हे आभाताईंना द्या. आईनं वानवळा दिलाय. पहिल्या तोडीची गिलकी."

वानवळा! रानात नवं काही आलं की पहिलं मूठभर प्रेमानं कुणाला तरी धाडायचं, तो वानवळा. त्यात वाटा नसतो, हिशेब नसतो. आणि तो कुणाला? कालच्या आभाला! इतक्या वर्षांत माझ्या नावानं एक पिशवी आली नव्हती, एक! मी क्रेटमध्ये हात घालून पुन्हा पुन्हा बघितलं. माझ्या वाट्याला सगळ्यांसारखंच, वजन करून.

मग भरताची वांगी आली, तीही आभाला. आभा गोड हसून म्हणायची, "काकू, किती छान आहेत ना त्या!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला सांगतेय, कुसाबाई कशी आहे ते! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

थंडी पडली आणि ओला हरभरा आला. पहिला, कोवळा, घाट्यांनी लगडलेला. अमोल म्हणाला, "आभाताईंना." मी म्हटलं, "ठेव." तो गेला, मी दार लावलं आणि हरभरा सोलायला बसले. त्या दिवशी आमच्याकडे सोलाण्यांची आमटी झाली. हे दोनदा वाटी पुढे करून म्हणाले, "आज हाताला काय चव आलीय!" मी म्हटलं, "गप जेवा."

पण आमटी काही पचेना. रविवारी तडक रानात गेले. कुसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"आली का बया! घे, बांधू लाग."

"नाही बांधणार. आधी मला सांग, मी तुझं काय घोडं मारलंय?"

तिनं वर बघितलं. ती गोंधळली की तिच्या तोंडून माहेरची अहिराणी निघते. "काय व्हयनं व माय?"

"तिला गिलकी, तिला वांगी, तिला हरभरा! आणि मी? कालची आलेली ती लाडकी झाली, आणि मी काय झाले? तिचा हरभरा मी खाल्ला, जा! आमटी केली आणि खाल्ली!"

मला वाटलं, चिडेल. ही तर मेथी मांडीवर टाकून खदाखदा हसायला लागली. "खाल्ला तर खाल्ला! तुला कोणी नाय म्हनलंय? आजून उपटून ने वाफ्यातला."

तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण जीभ माझी!

"मला उपटून नकोय. मला माझ्या नावाची पिशवी पाहिजे. तिला येते तशी. वानवळा म्हणून. मी काही फुकटी नाही, हातानं ओरबाडून न्यायला."

कुसाबाईचं हसू थांबलं. मग जुडीला गाठ मारत म्हणाली, "तुला वानवळा पायजे?"

"हो, पाहिजे."

"बरं. देते."

आणि दिला की हो! बुधवारी पिशवी आली, भरघोस. ओला वाटाणा, वर कोथिंबिरीची जुडी. अमोल म्हणाला, "मावशी, हा तुमचा." मला आभाळ ठेंगणं झालं. पिशवी मुद्दाम व्हरांड्यात मधोमध ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "कुसाबाईनं वानवळा पाठवलाय मला." आभाला तर दोनदा सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "अरे वा, काकू!" तिच्या तोंडावर जळण्याची एक रेघ दिसेना, याचाच मला राग आला.

त्या रविवारी मी नवी साडी नेसून रानात गेले. आभा माझ्या आधीच पोचली होती. ती पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मेथीच्या वाफ्यात उतरलेली. बांधावरून हाक येईल म्हणून मी वाट पाहिली. आली नाही. कुसाबाई हात पुसत समोर आली.

"या ताई. बसा."

मी मागं वळून बघितलं. म्हटलं, दुसरं कोणी आलंय की काय.

"अगं, बसते कसली? वाटाणा तोडते थोडा." मी पदर खोचला.

"नका हो, चिखल हाय. साडी खराब होईल. किती पायजे सांगा, अमोल काढून देईल."

"कुसाबाई, असं काय करतेस गं? हे अहो-जाहो काय लावलंयस?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाली, "आमच्यात वानवळा भाहेरच्याला देत्यात, ताई. घरातलं माणूस आपल्या हातानं तोडून नेतं, त्याला कशाला पिशवी? मला वाटायचं, तुम्हाला ठावं हाय. पर तुम्हीच मागितली. म्हनलं, आपलंच चुकलं. शहरातलं माणूस, त्याचा मान ठेवाया पायजे."

"अगं मला नको तो वानवळा! घे परत! मी उद्या आणून देते सगळा!"

"दिलेला वानवळा माघारी घेत नाय, ताई."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी बाजेवर बसले. माझ्याखाली धुतलेली चादर होती. तेवढ्यात कुसाबाई वाफ्याकडे वळून केवढ्यानं तरी ओरडली, "ए आभे! मेथी उपटतीस का तिचं डोकं खुडतीस? मुळासकट उपट, नायतर ये इकडं, मार खाशील!"

आभा खिदळली आणि पुन्हा वाकली. मी तिच्याकडे बघत बसले. आता मात्र खरोखर जळत होते, आधीचं काहीच नव्हतं.

कुसाबाई चुलीपाशी गेली. इतक्या वर्षांत शेकडो वेळा तिच्या हातचा चहा प्यायलेय मी. तिनं तिथूनच मान वळवली आणि अगदी अदबीनं विचारलं, "ताई, तुम्हाला साखर कितपत लागती?"