राजीनाम्याची पोच

आमची ताई खोक्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पगारपत्रक करत होती. अर्ज नसेल तर तिने देवालाही रजा दिली नसती. अशी बाई स्वतःच्या राजीनाम्यात चुकेल असं कुणाला वाटलं असतं? पण चुकली. महिनाभर आधी तिने पत्र मालकांपुढे ठेवलं, त्यांनी वाचून फायलीत लावायला सांगितलं, आणि सवयीप्रमाणे हिने स्वतःच त्यावर शिक्का मारून सही ठोकली. आलेल्या कागदांची पोच तीच देत असे ना.

महिना भरून ती बाहेर पडली, तेव्हा मालक म्हणाले, आगाऊ सूचना मिळालीच नाही, शेवटचा पगार कापला. वर मोडक्या खुर्चीचे पैसे वेगळेच. पोच दाखवली तर म्हणाले, ही सही तुमचीच आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तेव्हापासून ताईच्या पायाला भिंगरी लागली. गॅसवर चहा ठेवून ती गॅलरीत जायची, चहा उतू गेला की माझ्यावरच डाफरायची. नव्या नोकरीच्या गावी खोलीची अनामत त्याच पगारातून द्यायची होती आणि घरमालकीण आठवडाभरच थांबणार होती. मला तिची काळजी वाटे आणि रागही येई.

कामगार कार्यालयातल्या साहेबांनी साक्षीदार आणायला सांगितलं. पत्र दिलं तेव्हा केबिनमध्ये आणखी एकच जण होती, खोक्यांना खळ लावणारी मावशी. ती अजून तिथेच कामाला होती. पण ताई तिच्याकडे जायला धजेना. दोन वर्षांपूर्वी मुलगी आजारी म्हणून मावशी ताईला तोंडी सांगून घरी राहिली होती. परतल्यावर ताई म्हणाली, मला कुणी काही सांगितलं नाही, अर्ज दाखव. नऊ दिवस कापले गेले. शेवटी मीच ताईला ओढत मावशीच्या घरी नेलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि येते एवढंच म्हणाली.

आलीही. मालक समोर बसलेले असताना तिने पाहिलं ते सरळ सांगितलं. साहेबांनी पगार पुरा द्यायला लावला, खुर्चीचं कलमही काढलं.

जिन्यात ताईने पर्स उघडली. आजचा खाडा मी भरून देते, म्हणाली. मावशीने तिचा हात बाजूला सारला.

"पैसे राहू द्या, बाई. तेव्हा मी खरं बोलत होते, तेवढं म्हणा."

ताई म्हणाली. पण इतकं हळू, की मावशीने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.