रस्ता उघडायचा ठराव

आमच्या जागतिक परिषदेचे किस्से सांगायले बसलो ना, तर चहा थंडा होते पण किस्से संपत नाई! परिषद म्हणजे काय, तर वर्ध्यातल्या एका कॉलेजची आम्ही पोरं. शनिवारी दुपारी एकेक देश वाटून घेतो अन् दूर देशात चाललेल्या एका लढाईवर भांडतो. ठराव पास झाला की टाळ्या नाई, खऱ्या संसदेसारखी बाकं बडवायची!

ठराव एकच: अडकलेल्या लोकांसाठी सीमेवरचा रस्ता उघडा. मांडते बोरगाव मेघेची पायल. तिचा दादा तिकडं नर्स हाये अन् खरंच अडकलाय. ती बोलाले उठली की आम्ही खाली पाहतो.

*

वैभवकडं एकाच साहेबाच्या हुकमावर चालणारा देश, अन् साहेब तोच. पहिल्याच दिवशी फटकन म्हणे, "नाही!"

"अबे, विचार तरी कर!"

"माह्या देशात विचारायचं कोणाले बे?"

त्याच्या मागं त्याचे अधिकारी म्हणून दोन ज्युनिअर बसायचे. एकदा पाणीपुरीवाल्यानं त्यायले विचारलं, "तीखा की मीठा?" दोघंही वैभवकडं पाहत गप्प! हातातली पुरी गळून राह्यली, तरी गप्पच. आम्ही हसलो. वैभव नाई हसला.

*

स्नेहाकडं आघाडी सरकार. पाच पक्ष, पाच पोरं! निषेध म्हटलं की एक रुसते, पाठिंबा म्हटलं की दुसरा. शेवटी निवेदन आलं, "आम्हाले चिंता वाटते."

मी ओरडलो, "कायची चिंता?"

"त्यावर चर्चा सुरू हाये!"

*

माह्याकडं राजाचा देश. लढणारे दोघंही आमच्या राजाचे पाहुणे, म्हणून मी कोणालेच मत द्यायचं नाई, फक्त हसायचं. एकदा पायलनं सरळ विचारलं, "माहा दादा मेला तरी हसशील का रे?"

मले हसू थांबवायचं होतं यार! गाल खाली येईचनात.

*

मग तो शनिवार. दादाचा फोन लागतच नोता. वैभव लग्नासाठी हिंगणघाटले गेलता. तिथून त्यानं ज्युनिअरले फोन केला. स्पीकरवर ओरडला, "हो म्हणा रे! उघडा रस्ता!"

दोघं हललेच नाईत. एक हळूच म्हणे, "साहेब असे बोलत नसतात. हा आवाज त्यांचाच कशावरून?"

अन् दोघांनी पाटी वर केली. "नाही."

फोनमधून वैभव ओरडतच राह्यला.

मतं सारखी झाली. उरली स्नेहा. ती पाचही पक्षांवाल्या पोरांशी कोपऱ्यात भांडभांड भांडली. घामाघूम होऊन आली.

"माहं सरकार पडलं! पण पडायच्या आधी 'हो' म्हणून घेतलं. लिहा!"

ठराव पास! अशी बाकं बडवली, अशी बडवली, की हात लाल! मग दमून सगळे शांत झालो. अन् त्या शांततेत पायलचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला, दादाच!

"पायल, गेट उघडलं वं! आत्ताच! निघालो मी!"

पायल रडाले लागली. दादा म्हणे,

"पण उघडायच्या आधी ना, कोणीतरी बाकं बडवल्यावानी आवाज आला. चहूकडून. इथं तर नुसतं शेत हाये वं."