ताईसाठी लिपस्टिक

आम्हा दोघी बहिणींमध्ये दिवाळीच्या भेटीचा एक विचित्र नियम आहे. मी ताईला पुस्तकं देते आणि ताई मला तोंडाला लावायच्या वस्तू देते. आता कोणीही म्हणेल, छान की, त्यात विचित्र काय? विचित्र हे की आमच्यात पुस्तकं वाचते मी, आणि नटते ती.

म्हणजे जे स्वतःला हवं असतं तेच आम्ही एकमेकींच्या गळ्यात मारतो. लग्नं झाली, मी डोंबिवलीत आले, ती ठाण्याला बाळकुमला गेली, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तरी ह्यात फरक नाही. "जरा वाच गं काहीतरी," हे माझं. "जरा आरशात बघ गं कधीतरी," हे तिचं. ह्या दोन वाक्यांवर आमचं बहिणीपण उभं आहे म्हटलं तरी चालेल.

मी तिला काय काय नाही दिलं! दिवाळी अंकांचा संच तर दरवर्षी ठरलेला. शिवाय कथासंग्रह, प्रवासवर्णनं, वाचताना डोळ्यांना त्रास नको म्हणून चिमट्याचा छोटा दिवा. एकदा पुस्तक उभं ठेवायचा लाकडी स्टँड दिला, सुंदर होता, मला स्वतःला घ्यावासा वाटलेला. बाईसाहेबांनी त्यावर आरसा ठेवला. दिवाही त्या आरशालाच लावला. दिवाळी अंकातलं ती फक्त राशिभविष्य वाचते, तेही स्वतःचं चांगलं असेल तर पूर्ण, नाहीतर अर्धं.

आणि माझ्याकडे तिने दिलेलं सगळं आहे, नुसतं आहे. आम्ही अंडी खात नाही, त्यामुळे फ्रिजमधल्या अंड्यांच्या खाचांत सीरमच्या बाटल्या बसतात. मुलतानी मातीचा एक भारी डबा पुस्तकं कलंडू नयेत म्हणून कपाटात टेकण म्हणून लावलाय. पापण्या वळवायचा एक चिमटा आहे, त्याला मी घाबरते. काजळ मात्र वापरते. ते सुद्धा ताई येणार असेल त्या दिवशी.

ह्या सगळ्या प्रकारात खरा फायदा झाला तो ताईच्या यजमानांचा, आमच्या भाऊजींचा. मी दिलेलं प्रत्येक पुस्तक तेच वाचायचे. दिवाळी अंक तर मी पिशवीतून काढायच्या आत त्यांच्या हातात. मग आम्ही सगळे बाहेर जायला निघालो, की हे तयार होऊन दाराजवळच्या खुर्चीत अंक उघडून बसणार, आणि ताई आत तासभर. शेवटी ती बाहेर येऊन विचारणार, "कशी दिसतेय?" आणि भाऊजी पान उलटत म्हणणार, "छान."

"अहो, आधी बघा तरी!"

मग ते चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, "छान." दर वेळी हेच. मी पोट धरून हसायचे.

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले. फार दिवस आजारी नव्हते, झोपेतच गेले. माणूस असा सहज निघून गेला की मागे राहिलेल्यांना सगळं समजायलाच वेळ लागतो. ताई रडली, सावरली, बँकेची कामं तिने स्वतः केली, लेक बंगळुरूला परत गेली तेव्हा तिला डबाही भरून दिला. मला वाटलं, बरीच खंबीर आहे की. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की ताईने ओठांना काही लावलेलं मी त्यानंतर बघितलंच नव्हतं.

काजळ गेलं, नेलपेंट गेलं, केसांना रंग लावणं बंद झालं. भांगातून पांढरी पट्टी रुंद होत गेली. माझा पांढऱ्या केसांना विरोध नाही, माझे स्वतःचे कधीच पांढरे झालेत. पण माझे मी ठेवलेत. तिच्या केसांतला रंग कोणी तिच्याकडून काढून घेतल्यासारखा दिसत होता. आणि कोणी तिला काही बोललेलं नव्हतं, हे विशेष. आमच्याकडे आता असं उघड कोणी बोलत नाही, सगळे शिकलेले आहेत. टिकली चालते, मंगळसूत्र घातलंत तरी चालेल म्हणतात. पण लिपस्टिक? तिथे सगळे गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यातच काय ते कळतं.

एका मुंजीत आमची एक लांबची काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझी ताई किती छान साधी राहते गं आता." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "ती साधी राहत नाहीये काकू, ती राहतच नाहीये." काकू मठ्ठा घ्यायला निघून गेली. मी जेवले नाही त्या दिवशी. माझी ताई, जी बाळंतपणाला जाताना हॉस्पिटलच्या पिशवीत पावडरची डबी घेऊन गेलेली, तिचं असं कौतुक व्हावं? मला माझी ताई परत हवी होती. मला दुसरं काही नको होतं.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "हे बघ, यंदा आपल्याकडे वर्ष झालेलं नाही. कंदील नाही, तळण नाही. तू ये, पण काही आणू नकोस."

"अंक पण नको?"

"कोण वाचणार?" ती म्हणाली.

फोन ठेवला आणि मी ठरवलं, लिपस्टिक न्यायची. माझा नवरा म्हणाला, "अगं, रागावली तर? लोकांना काय वाटेल ते असो, तिलाच लागलं तर?" ती भीती मलाही होतीच. दहा महिन्यांत तिच्यासमोर हा विषय काढायची माझी हिंमत झाली नव्हती. पण मी म्हटलं, रागावू दे. निदान रागावेल तरी.

आयुष्यात पहिल्यांदा मी डोंबिवलीतल्या एका कॉस्मेटिकच्या दुकानात स्वतःच्या पायांनी गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आंटी, मॅट की क्रीमी? न्यूड में दिखाऊं?" मी म्हटलं, "बाळा, मराठीत दाखव." तिने काय काय ओळीने मांडलं. मला एकच पद्धत माहीत, पुस्तक घेताना मलपृष्ठ वाचायचं. त्यामुळे मी प्रत्येक खोका उलटा करून चष्मा सावरून बारीक अक्षरं वाचायला लागले. त्यात कथानक असं काही नव्हतं. शेडची नावं मात्र वाचनीय होती. मुलगी कंटाळून मोबाइल बघायला लागली. शेवटी मी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला एकाशेजारी एक रेघा ओढल्या, उजेडात नेऊन बघितल्या, आणि त्यातली एक मला फार आवडली. विटेसारखी, किंचित तपकिरी. माझ्या हातावर इतकी शोभून दिसत होती की मी स्वतःवरच खूश झाले. चांगली महाग होती, पण म्हटलं, जाऊ दे.

घरी येऊन मी खोक्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. रंगीत कागद आणायचा राहिला होता आणि माझ्या हातांना तेवढंच येतं. कडा नीट दुमडल्या. ते एखादं फार छोटं पुस्तक असावं असं दिसत होतं.

ताईच्या घरात शिरल्या शिरल्या डोळ्यांत भरले ते डबे. टेबलावर शेजारपाजारच्यांनी पाठवलेला फराळ, पाच-सहा घरांच्या पाच-सहा तऱ्हांच्या चकल्या. दाराजवळची खुर्ची तिथेच होती, रिकामी. आम्ही चहा प्यायलो. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या चकलीत मोहन कमी पडलंय ह्यावर आमचं एकमत झालं. लेकीचा फोन रोज येतो म्हणाली. सगळं ठीक, सगळं शांत. ती शांतता बघूनच माझा धीर सुटायला लागला. मग मी पटकन पर्समधून ते काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"काही आणू नकोस म्हटलेलं ना?"

"उघड."

तिने कव्हर काढलं. खोका बघितला. हातात धरून बसली. मग उठून आत गेली. मी मनात म्हटलं, झालं. बिघडलं सगळं. आता कुठल्या तोंडाने माफी मागू? आतून काहीच आवाज येत नव्हता. मी पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली.

ती बाहेर आली ती चष्मा घालून. खिडकीपाशी गेली, लिपस्टिक उघडली, फिरवून वर काढली आणि उजेडात धरली.

"ही कोणी निवडली?"

"मी."

"हातावर लावून बघितलीस?"

"हो. बघूनच घेतली."

"कोणाच्या हातावर?"

मी सावळी, ती लख्ख गोरी. हे मला जन्मापासून माहीत आहे. सगळं लहानपण नातेवाइकांनी हेच ऐकवलंय. आणि मी तिच्यासाठी माझ्या मनगटावर रंग पसंत करून आले होते.

"अगं बये," ताई म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतेस, अक्कल कुठे ठेवून गेलेलीस? ही मी लावली तर चहा सांडल्यासारखी दिसेन! मॅट घेतलीस वर. ह्या वयात मॅट लावतात का कोणी? ओठांना सुरकुत्या दिसतात. आणि किती घेतले त्यांनी? बघितलं असणार, ही बाई येडी आहे, मारा गळ्यात हिच्या!"

ती बोलतच सुटली. आवाज चढला, हातवारे सुरू झाले. किती महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते! मला इतकं बरं वाटलं की मी नुसती बघत बसले. तर म्हणते, "हसतेस काय? इकडे ये. तोंड वर कर." माझी हनुवटी धरली आणि ती लिपस्टिक माझ्याच ओठांना लावली. ओठ दाबून धरायला लावले, कडेचं बोटाने पुसलं. मग मला आरशासमोर उभं केलं. पुस्तकाच्या स्टँडवरच्या.

"बघ. ही तुझी शेड आहे."

खरंच होती. मी बऱ्यापैकी दिसत होते.

"ताई," मी म्हटलं, "तू का सोडलंस गं?"

ती पलंगावर बसली. लिपस्टिकचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "लोकांसाठी नाही सोडलं," ती म्हणाली. "लोक गेले उडत. तयार व्हायला गेले की वाटायचं, बाहेर जाऊन विचारू कोणाला? मग बसायचे तशीच."

मला रडू आलं. तिलाही आलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "पुसू नकोस हां, पसरेल." आणि उठून कपाट उघडलं.

तयार व्हायला तिला बराच वेळ लागला. मी दाराजवळच्या त्या खुर्चीत बसले नाही, बाजूला उभी राहिले. बाहेर आली तेव्हा मोरपंखी कुर्ता होता आणि डोळ्यांत काजळ होतं. लिफ्टमध्ये नेमक्या समोरच्या वहिनी, चकलीवाल्या. त्यांनी ताईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठे निघालात?"

मी तळमजल्याचं बटण दाबलं.

"लिपस्टिक घ्यायला," ताई म्हणाली. "हिने चुकीची आणली."

वहिनी जरा गडबडल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "पण ह्यांना तर चांगली दिसतेय की."

"तेच तर!" ताई म्हणाली. "ती हिची आहे. मला माझी हवी." तळमजला आला. वहिनी म्हणाल्या, "नौपाड्यात जाताय? तिथे बरी मिळतात," आणि आम्हाला दुकानाची खूणही सांगितली.

नौपाड्याच्या दुकानात ताईने सगळा काउंटर पालथा घातला. ही निळसर आहे, ही फिकी आहे, हिला वास येतो. काउंटरवरच्या मुलीला दरदरून घाम फुटला. मला जरा वेळाने कंटाळा आला आणि हातात आला तो खोका उलटा करून मी बारीक अक्षरं वाचायला लागले. सवय, दुसरं काय.

"कशी दिसतेय?" ताईने विचारलं.

"छान," मी म्हटलं.

"अगं, आधी बघ तरी!"

दोघींनाही एकदमच आठवलं. तिचा हात तसाच गालाजवळ राहिला. दुकानात दिवाळीची गर्दी होती, मागून कोणीतरी "जरा सरका हो" म्हणालं, आणि आम्ही सरकलो नाही.

मी खोका खाली ठेवला आणि बघितलं. गुलाबी होती, जरा गडद. माझ्या ताईच्या ओठांवर होती.

"छान," मी म्हटलं.